पाठवले म्हणजे पोचले नव्हे
सॉकेटच्या माहितीपानांचे एक परीक्षण

पोस्टाच्या लाल पेटीत पत्र टाकून घरी आलेला माणूस 'पत्र पाठवले' असे सांगतो, आणि ते खरेच असते. 'पोचले' असे मात्र तो म्हणत नाही. पोचल्याची खात्री हवी असे तेव्हा लोक रजिस्टर पत्राला पोचपावतीचे कार्ड जोडत आणि ते सहीनिशी परत आल्यावरच निश्चिंत होत. भामरागडच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता बंद, हे तिथे पिढ्यांनी पाहिलेले आहे. संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हाही नेमका हाच फरक असतो. पण ज्या कागदपत्रांत तो नोंदलेला आहे, तिथे तो इतका त्रोटक आणि इतका आडबाजूला आहे की विद्यार्थी तो न वाचताच प्रोग्राम लिहायला बसतो. पुस्तकांचे परीक्षण होते तसे या कागदपत्रांचेही व्हायला हवे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा प्रयत्न.

आधी कागदपत्रे कोणती, ते सांगू. युनिक्स या कार्यप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ रोजी काढली. प्रत्येक आज्ञेला एक पान, आणि पानाला ठरलेली अंगे : नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि शेवटी 'बग्ज', म्हणजे ज्ञात दोष. आमच्या यंत्रात काय बिघडलेले आहे हे बनवणाऱ्यानेच छापून द्यायचे, ही प्रथा तेव्हाही विरळ होती आणि आजही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत फार तर मागे शुद्धिपत्र असते, तेही मुद्रणदोषांचे. 'हा भाग आम्हाला नीट समजावता आलेला नाही' असे पान आम्ही अजून पाहिलेले नाही.

पुढे १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तिच्यातून 'सॉकेट' जगभर गेले. सॉकेट या शब्दाने आपल्याकडे भिंतीवरचे विजेचे सॉकेट डोळ्यांपुढे येते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. प्लग खोचला की वीज आली, असे इथे काही नसते. पोस्टाची खिडकी ही उपमा जास्त जवळची आहे. प्रोग्राम खिडकीतून गठ्ठा आत देतो. पुढचे काम पोस्टाचे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, ज्याला कर्नल म्हणतात. खिडकी उघडणे, तिला क्रमांक देणे, गिऱ्हाइकाची वाट पाहणे, देणे, घेणे आणि खिडकी बंद करणे, एवढ्याच क्रिया. प्रत्येक क्रियेला एक माहितीपान आहे. लिनक्सवर ही पाने सांभाळणारा एक स्वतंत्र प्रकल्प आहे. २००४ पासून बरीच वर्षे मायकेल केरिस्क यांनी तो सांभाळला. त्यांच्यानंतर ते काम अलेहांद्रो कोलोमार यांच्याकडे आले.

आता मुख्य आक्षेप. ही पाने खोटे सांगत नाहीत. ती खरे सांगतात, पण ज्याला ते आधीच ठाऊक आहे त्यालाच ते सापडते.

एक उदाहरण घेऊ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम असतो. फळीवर घरोघरचे पुडे मोजून घेतात आणि कोणाचे किती हे लिहून ठेवतात. त्यावर मजुरी ठरते. एका विद्यार्थिगटाने प्रकल्प म्हणून यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. फळीवरचा संगणक एकेका कुटुंबाचा आकडा तालुक्याच्या संगणकाकडे पाठवतो, तिकडचा प्रोग्राम येईल तो आकडा नव्या ओळीत लिहितो. प्रयोगशाळेत तो बिनचूक चालला. मग तोच प्रोग्राम आम्ही वाटेत मुद्दाम तीन सेकंदांचा उशीर घालून चालवला. लिनक्समध्ये 'नेटएम' नावाची सोय आहे, तिने चांगले जाळे हवे तितके वाईट करता येते. पहिल्या कुटुंबाचे १८० पुडे, दुसऱ्याचे १२, तिसऱ्याचे उरलेसुरले ५, असे आकडे पाठवले. पलीकडे दोनच ओळी उमटल्या : १८० आणि १२५.

एक कुटुंब नाहीसे झाले, दुसऱ्याचे पुडे दहापट झाले आणि एकूण बेरीज १९७ ऐवजी ३०५ झाली. संगणकाने कुठेही चूक दाखवली नाही. १२५ हा आकडा कोणाच्या डोळ्यांत खुपणाराही नाही.

हे का झाले? जाळ्यावरून माहिती नेण्याचे जे टीसीपी नावाचे नियम आहेत, त्यांत माहिती म्हणजे बाइटचा सलग प्रवाह. पाठवणाऱ्याने तीन वेळा दिले म्हणून घेणाऱ्याला तीन वेळा मिळेल, असे कोणतेही वचन त्यात नाही. वर १९८४ साली जॉन नेगल यांनी सुचवलेला एक काटकसरीचा नियम आहे : आधी पाठवलेल्याची पोच आलेली नसेल, तर नंतरचे लहान लहान तुकडे थोडे थांबवून एकत्र पाठवावेत. प्रयोगशाळेत पोच क्षणात येत होती, म्हणून पुढचा आकडा टंकेपर्यंत आधीचा निघून गेलेला असे. उशीर लावल्यावर १८० ची पोच येईपर्यंत १२ आणि ५ खोळंबले आणि एकाच पाकिटातून गेले. नियमाप्रमाणे सगळे बरोबर झाले.

टीसीपी नोंदींच्या सीमा राखत नाही, हे माहितीपानांत कुठे लिहिले आहे? टीसीपीच्या पानावर, एका छोट्या वाक्यात. पण ते पान विभाग ७ मध्ये आहे. विद्यार्थी 'सेंड' आणि 'रिसीव्ह' ही पाने उघडतो. ती विभाग २ मध्ये आहेत. 'रिसीव्ह'चे पान एवढे सांगते की मागितले तितके मिळेलच असे नाही, जे हाताशी असेल ते मिळेल. कमी मिळू शकते हे यावरून कळते. दोन नोंदी चिकटून मिळू शकतात हे कळत नाही. मग बाजारातली गाइडे काय करतात? एक हजार चोवीस बाइट घ्या आणि पडद्यावर छापा, असा नमुना देतात. पाठवणारा आणि घेणारा एकाच संगणकावर बसवून तो तपासला की तो चालतो, कारण संगणकाच्या आतल्या आत माहिती नेणाऱ्या वाटेवर लिनक्समध्ये एका पाकिटात ६५,५३६ बाइट मावतात. बाहेरच्या साध्या इथरनेटवर १,५०० मावतात, त्यांतले ४० पत्त्यासाठी आणि क्रमांकासाठी जातात. म्हणजे दहा हजार बाइटची यादी घरात एका गठ्ठ्यात फिरते आणि बाहेर पडताच तिचे सात तुकडे होतात. घरातल्या घरात पोहायला शिकवून वैनगंगेत सोडण्यातला हा प्रकार आहे.

शिक्षकांना वर्गात हे संगणकाशिवाय दाखवता येईल. दोन निरोप घ्या. पहिला : पूर ओसरला. दुसरा : नाही आलात तरी चालेल. एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या क्रमाने, पण निरोप कुठे संपतो ते न सांगता, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठवा. तिकडचा मुलगा वाचेल : पूर ओसरला नाही, आलात तरी चालेल. एकही चिठ्ठी हरवलेली नाही, क्रमही चुकलेला नाही. तरी पहिला निरोप नेमका उलटा झाला. मग मुलांनाच उपाय विचारा. कोणी म्हणेल, निरोप संपला की कोरी चिठ्ठी पाठवू. कोणी म्हणेल, आधी किती चिठ्ठ्या येणार तो आकडा पाठवू. व्यवहारात हेच दोन उपाय वापरतात. माहितीपानावर यांतला एकही नाही, आणि दोन ओळींत तो देता आला असता.

याच पानांची आणखी एक उणीव इंग्रजी वाचकाला दिसणारच नाही. पानावर सगळी मोजमापे बाइटमध्ये आहेत. इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तुकडा कुठेही पडला तरी फार तर शब्द तुटतो. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. 'गडचिरोली' मध्ये अशी आठ चिन्हे आहेत, म्हणजे चोवीस बाइट. 'चंद्रपूर' मध्येही, योगायोगाने, आठच. आता दहा-दहा बाइट घेणाऱ्या प्रोग्रामने 'गडचिरोली' घेतले तर पहिल्या खेपेस ग, ड, च आणि वेलांटीचा एकतृतीयांश हाती येतो. पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. मग 'मराठी फाँटचा प्रॉब्लेम आहे' असे सांगून मराठी काढून टाकतात आणि गावांची नावे रोमन लिपीत जातात. दोष फाँटचा नसतो. 'बाइट म्हणजे अक्षर नव्हे' एवढी टीप 'रिसीव्ह'च्या पानावर असती तर कित्येक ठिकाणी मराठी टिकली असती, असे आम्हाला वाटते.

आता 'सेंड'कडे, म्हणजे लेखाच्या नावाकडे वळू. 'सेंड'चे पान म्हणते की माल पोचला नाही याची कोणतीही सूचना या क्रियेतून मिळत नाही. चूक इथल्या इथे लक्षात आली तरच उणे एक मिळतो. हे नकारात्मक विधान बरोबर आहे. पण यश मिळाले, आकडा परत आला, याचा अर्थ काय? पानावर तो सरळ सांगितलेला नाही. अर्थ असा की मजकूर कर्नलच्या जावक पेटीत पडला. पत्र लाल पेटीत पडले. पलीकडच्या संगणकाच्या कर्नलने पोच दिली तरी ती पलीकडच्या पोस्टाची पोच. घरातल्या माणसाने पत्र उघडले का, हे त्यावरून कळत नाही. ते हवे असेल तर पलीकडच्या प्रोग्रामनेच 'मिळाले, वहीत लिहिले' असे उलट उत्तर पाठवायला हवे.

दुर्गम भागातल्या कोणत्याही शिक्षकाला हे सांगून पाहा, तो लगेच ओळखीचे हसेल. माहिती भरली, हिरवी खूण आली, 'पाठवले' असे अक्षर उमटले, आणि आठवड्याने वरून विचारणा आली की तुमच्या शाळेची माहिती निरंक का? हे प्रत्येक वेळी याच कारणाने होते असा आमचा दावा नाही. पण हिरवी खूण नेमकी कशाच्या आधारावर दाखवली, हा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्याला विचारलाच पाहिजे. जावक पेटीत पडल्याच्या आधारावर दाखवली असेल तर ती खूण दाखवण्याचा त्याला अधिकार नव्हता.

वाटेत जाळे तुटले तर कर्नल किती वेळ प्रयत्न करीत राहतो? इथे अकरावीच्या गणिताचा उपयोग आहे. लिनक्स ठरीव मूल्यांनुसार पंधरा वेळा पुन्हा पाठवून पाहतो आणि दर वेळी थांबण्याची मुदत दुप्पट करतो. मुदत कमीत कमी ०.२ सेकंदापासून सुरू होते आणि १२० सेकंदांच्या वर जात नाही. म्हणजे ०.२, ०.४, ०.८ असे करत दहावे पद १०२.४. या दहा पदांची बेरीज २०४.६. उरलेल्या सहा मुदती प्रत्येकी १२० च्या, म्हणजे ७२०. एकूण ९२४.६ सेकंद, सव्वापंधरा मिनिटांपेक्षा किंचित जास्त. एवढा वेळ प्रोग्रामला वाटत राहते की सगळे ठीक आहे. आणि दोन्ही बाजू गप्प असतील तर? मग पलीकडचे यंत्र जळून गेले तरी पत्ता लागत नाही. त्यासाठी 'कीपअलाइव्ह' नावाची चौकशी आहे, पण ती मागितल्याशिवाय सुरू होत नाही. मागितली तरी पहिली हाक दोन तासांनी जाते आणि मग पंचाहत्तर सेकंदांच्या अंतराने नऊ हाका. सगळे मिळून दोन तास अकरा मिनिटे पंधरा सेकंद. हे आकडे पानांवर आहेत आणि बरोबर आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढच्या आकड्याबद्दल आहे. जोडणी मुळात होतच नसेल तर किती वेळ वाट पाहायची? पहिली हाक गेल्यावर किती थांबायचे यासाठी पूर्वी तीन सेकंद हे मूल्य होते. पाच पुनर्प्रयत्न धरून ३ + ६ + १२ + २४ + ४८ + ९६, म्हणजे १८९ सेकंद. पानाने 'सुमारे १८०' लिहिले, ते क्षम्य. जून २०११ मध्ये आरएफसी ६२९८ या टिपणाने तीनचा एक सेकंद केला. कारण असे दिले की मोठ्या प्रमाणावर केलेल्या पाहणीत साडेसत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक जोडण्यांत उत्तर एका सेकंदाच्या आत येते. लिनक्सने ३.१ या आवृत्तीत हा बदल घेतला आणि बेरीज आपोआप १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ अशी ६३ वर आली. कोणी ठरवून नव्हे, एका पदाच्या बदलाने. १९८९ चे आरएफसी ११२२ तर सांगत होते की जोडणीचा प्रयत्न निदान तीन मिनिटे चालू ठेवावा. ही तफावत २०१२ मध्ये एकाने दाखवून दिली आणि ३.७ या आवृत्तीत पाचाचे सहा पुनर्प्रयत्न झाले, बेरीज १२७. आता टीसीपीच्या पानाची आमच्यासमोरची प्रत काय म्हणते? ३.७ पासून १२७, त्याआधी सुमारे १८०. मधली ३.१ ते ३.६ ही ६३ सेकंदांची राजवट पानावरून गायब आहे. शिवाय २०२३ मधल्या ६.५ आवृत्तीपासून पहिले चार पुनर्प्रयत्न दुप्पट न करता एकेका सेकंदाने होतात, त्यामुळे एकूण मुदत १३१ झाली आहे. कर्नलसोबतच्या स्वतंत्र टिपणात हा आकडा आहे. या पानावर नाही.

चार-सहा सेकंदांचा फरक कोणाला महत्त्वाचा, असे विचारता येईल. आमचा मुद्दा सेकंदांचा नाही. 'साडेसत्त्याण्णव टक्के' म्हटले की उरलेले अडीच टक्के कुठे राहतात हा प्रश्न येतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यास प्रकाशाला जवळपास पाव सेकंद, आणि उत्तर परत येण्यास तेवढाच. म्हणजे अर्धा सेकंद. दोन्ही टोके उपग्रहावर असून मधल्या केंद्रातून जावे लागले तर एक सेकंद, आणि यंत्रांचा स्वतःचा वेळ त्यात धरलेला नाही. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्र सरकारने उभारलेल्या २,३४३ ठिकाणच्या मोबाइल मनोऱ्यांवर २जी सेवाच होती. दहा राज्यांतल्या या मनोऱ्यांना ४जी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. महाराष्ट्र त्या दहांत आहे. २जीवरही एक सेकंद ही फार लांबची मुदत नव्हे. आरएफसी ६२९८ ने अशा जोडण्यांसाठी माघारीची वाट ठेवली आहे आणि प्रत्यक्ष नुकसान एखाद्या जादा हाकेपेक्षा मोठे नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण 'हे मूल्य कोणत्या जाळ्यासाठी निवडले' ही ओळ माहितीपानावर हवी. औषधाच्या बाटलीवर प्रौढांसाठी की मुलांसाठी ते लिहितात, तशी.

'लिसन'च्या पानावरचा 'बॅकलॉग' हा शब्द तर विदर्भातल्या वाचकाने मुद्दाम पाहावा. अभियांत्रिकीच्या मुलांना बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय. आपल्याकडे त्याला अनुशेष हा शब्द आहे, आणि १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीच्या अहवालापर्यंत त्यावर केवढे लिहिले गेले! वाद दर वेळी एकच : अनुशेष मोजायचा कसा? सॉकेटचा बॅकलॉग म्हणजे खिडकीपुढची रांग. किती जणांना उभे राहू द्यायचे तो आकडा. पण रांगेत कोणाला धरायचे? नुसता दारात आला त्याला, की ज्याची ओळखदेख पूर्ण झाली त्याला? बीएसडीने हे कधी नेमके सांगितले नाही. ४.२ बीएसडीच्या पानावर 'बग्ज' मध्ये कबुली होती की आकडा काहीही दिला तरी तो गुपचूप पाचावर आणला जातो, आणि प्रत्यक्षात कर्नल त्याची दीडपट करून वापरत असे. लिनक्सने २.२ आवृत्तीत अर्थच बदलला : आता ओळखदेख पूर्ण झालेल्यांचीच रांग मोजायची. लिनक्सचे पान हा बदल आवृत्तीसह नोंदवते, कमाल मर्यादा आधी १२८ होती आणि ५.४ पासून ४,०९६ झाली हेही सांगते, आणि त्याहून मोठा आकडा दिल्यास तो गुपचूप कापला जातो हे 'गुपचूप' या शब्दासह सांगते. या सगळ्या पानांत आम्हाला हे पान सर्वांत प्रामाणिक वाटले. 'सिलेक्ट'चे पानही त्याच पंक्तीतले. मजकूर आला आहे असे सांगूनही प्रत्यक्ष घ्यायला गेल्यावर तो न मिळण्याचा प्रसंग येऊ शकतो, कारण तपासणीत तो खराब निघून फेकला गेलेला असतो, हे तिथे 'बग्ज' खाली लिहिले आहे. दोष दूर केला नाही, पण लपवलाही नाही.

कागद आणि वस्तुस्थिती जुळत नसतील तर दुरुस्त काय करायचे, कागद की वस्तुस्थिती? टीसीपीचे मूळ टिपण म्हणजे सप्टेंबर १९८१ चे आरएफसी ७९३. त्यात 'तातडीचा मजकूर' दाखवणारा एक निर्देशक आहे. तो त्या मजकुराच्या शेवटच्या बाइटवर असतो की त्याच्या पुढच्या बाइटवर, याबद्दल त्याच टिपणातल्या दोन जागा दोन गोष्टी सांगत होत्या. आरएफसी ११२२ ने १९८९ मध्ये निकाल दिला : शेवटचा बाइट. पण तोवर बर्कलीचे सॉकेट पुढचा बाइट धरून जगभर पसरले होते आणि कोणी बदलले नाही. लिनक्सने तर दोन्ही अर्थांसाठी एक कळ ठेवली. शेवटी जानेवारी २०११ मध्ये आरएफसी ६०९३ ने कागदच बदलला : सगळे करतात तेच बरोबर. एका बाइटच्या वादाला तीस वर्षे.

आमच्या भागात असाच एक शब्द आहे, 'झुडपी जंगल'. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात तो जमिनींवर लिहिलेला आहे. प्रत्यक्षात त्यांतल्या कित्येक जमिनींवर घरे, शाळा, कचेऱ्या आणि शेते उभी राहिली. नोंद खरी की जमीन खरी, हा वाद दशकानुदशके चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन म्हणूनच धरायच्या असा निकाल दिला आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जमिनींसाठी मंजुरीची वाट ठेवली. बाइट आणि जमीन यांची बरोबरी करण्याचा उद्देश नाही. जमिनीच्या नोंदीत माणसांची घरे अडकतात. पण दोन्हीकडे गोंधळाचे मूळ सारखे आहे. शब्द आधी लिहिला गेला आणि व्याख्या मागाहून शोधावी लागली.

आरएफसी टिपणांची दुरुस्ती करण्याची रीत शिक्षकांना आवडेल अशी आहे. प्रसिद्ध झालेले टिपण पुन्हा कधीच बदलत नाहीत. चूक सापडली तर कोणीही कळवावी. ती तपासून 'मान्य', 'पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवली' किंवा 'अमान्य' असा शेरा मारून वेगळ्या शुद्धिपत्रात ठेवतात. चूकही दिसते आणि दुरुस्तीही. ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने ७९३ ची जागा घेतली, तेव्हा एक्केचाळीस वर्षांत साठलेल्या दुरुस्त्या त्यात सामावल्या. लिनक्सची माहितीपाने मात्र जागच्या जागी बदलतात, आणि कोणता बदल कोणी, कधी आणि का केला याची वही सर्वांना खुली असते. ही पाने कोणा कंपनीच्या तिजोरीत नाहीत. चंद्रपूरच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी आणि बर्कलीचा प्राध्यापक यांची दुरुस्ती एकाच टपालातून जाते. मात्र 'तुमचे पान चुकीचे आहे' असे लिहून भागत नाही. कोणते वाक्य, कोणत्या आवृत्तीत, काय अपेक्षित होते, काय दिसले, आणि ते दुसऱ्याला करून पाहता येईल असा लहानात लहान प्रोग्राम, एवढे सोबत लागते. एका पत्रात एकच दुरुस्ती. प्रयोगवहीत आपण मुलांकडून हेच लिहून घेतो, किंवा घ्यायला हवे.

वरची १२७ आणि १३१ ची गोष्ट वर्गात पडताळून पाहण्यासारखी आहे. लिनक्स असलेल्या संगणकावर टेलनेटने १९२.०.२.१ या पत्त्याशी जोडणीचा प्रयत्न करावा. हा पत्ता आरएफसी ५७३७ ने केवळ माहितीपुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवला आहे. तिथे कोणी राहत नाही. प्रयत्न सुरू होताच घड्याळ लावावे आणि 'वेळ संपली' असे उत्तर येईपर्यंत मोजावे. काही जाळी लगेच 'वाट नाही' असे कळवतात; तसे झाले तर ही मोजणी जमणार नाही, दुसऱ्या जोडणीवरून करावी लागेल. आलेले सेकंद वहीत लिहावेत आणि त्यांच्या शेजारी कर्नलचा आवृत्तिक्रमांकही, कारण दुरुस्तीचे पत्र मिळाले की पान सांभाळणारा सर्वांत आधी तोच विचारतो.